टोपावरचं नाव

चांगुणा, तुझ्या शेवटच्या अंघोळीचं पाणी त्या नव्या टोपात तापवलं. दुसरं काही लिहायच्या आधी हे सांगून टाकतो. हे लपवून पुढचं लिहिलं असतं तर तू ओळखलं असतंस. माझं खोटं तुला मागच्या पडवीत बसून कळायचं.

नावानं हाक मारली म्हणून दचकू नको. सेहेचाळीस वर्षांत कधी मारली नाही. आधी नुसतं "अगो", मग "ऐकलंस का", आणि रघू झाल्यावर "रघूची आय". आता इथं ऐकायला कोणी नाही, कागद आहे आणि मी आहे, तरी पहिल्यांदा लिहिताना हात थांबला. चौथी शिकलेला माणूस मी. काना-मात्रा चुकली तर चुकली.

आपल्याकडची रीत तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. माणूस गेलं की अंगणात तीन दगड मांडायचे, बाहेरच पाणी तापवायचं, आणि ज्या भांड्यात ते तापलं ते परत उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. नदीवर न्यायचं, तिथंच सोडायचं. म्हणून प्रत्येक घरात एखादं जुनं, चेपलेलं भांडं माळ्यावर पडलेलं असतं. कशासाठी ते कोणी बोलत नाही, पण असतं. आपल्या घरात नव्हतं. का नव्हतं ते पुढं सांगतो, त्यात माझाच हात आहे.

त्या सकाळी तू चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडलीस. मला वाटलं फुंकणी शोधतेयस. मी म्हटलंसुद्धा, "तिकडं कोनाड्यात हाय बघ." तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते. तू ऐकलंस का, मला माहीत नाही. बहुतेक नाही.

मग घर भरलं. मी भिंतीला टेकून बसलो. भावकीतले दामूदादा, ते असल्या वेळी सगळं हातात घेतात, त्यांनी विचारलं, "काळू, मोठा टोप कुठं हाय रं? पाण्याला."

"माळ्यावर," मी म्हटलं. तोंडातून गेलं, डोक्यातून नाही.

दोघं वर चढले आणि टोप खाली आला. अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता. आपली सून वैशाली पुढं झाली. "दादा, तो नका घेऊ. आईंचा नवा हाय, एकदापण चुलीवर चढला नाय."

"दुसरा असंल तर दे गो बाई."

ती घरात शोधून आली. दोन लहान टोप होते, त्यात काय होणार. शेजाऱ्यांकडं कोण मागणार, आणि मागितला तरी परत द्यायचा कसा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "घ्या तोच."

बुडाला कंपनीचा कागद चिकटलेला होता. तू काढला नव्हतास. तो आधी जळाला, त्याचा वास अंगणभर झाला. आणि पाणी काही लवकर तापेना. दामूदादा वैतागले. "काय टोप हाय हा, तापतच नाय." मी भिंतीला बसून मनात म्हणत होतो, थांब, तापंल. जाड बूड आहे. उशिरा तापतं पण सगळीकडं सारखं तापतं, आणि खाली उतरवल्यावरपण लवकर निवत नाही. हे तू मला मुरबाडच्या दुकानात सांगितलं होतंस. तेव्हा मी दाराकडं बघत होतो, एसटी जाईल म्हणून.

आता सुरुवातीपासून सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला एकदा ओळीनं मांडून बघायचंय, कुठं चुकलं ते.

आपला मोठा टोप जर्मलचा होता, माझ्या बापाच्या वेळचा. काठावर त्याचं नाव, धर्मा गोविंद. तू आलीस तेव्हापासून त्यातच भात, त्यातच वाल, त्यातच मटण. वरची आळीपण कार्याला तोच मागून न्यायची. चिंचेचा कोळ घालून घालून आतून बारीक खड्डे पडले होते. तू म्हणायचीस, आंबट घातलं की ह्याची चव उतरते कालवणात.

"मला तर काय लागत नाय," मी म्हणायचो.

"तुमाला मी मीठ घातलं का नाय ते लागत नाय, टोप काय लागणार."

मी मग म्हशाच्या जत्रेत गेलो तेव्हा तुला न विचारता स्टीलचा टोप आणला. चकचकीत होता, तोंड दिसत होतं त्यात. मला वाटलं खूश होशील. तू उचललास, बुडावर बोटाच्या हाडानं ठोकलंस. टण्ण वाजला. मला म्हणालीस, "हा टोप नाय, घंटा हाय. देवळात द्या." मी भांडलो. तू गुपचूप त्यात खीर टाकलीस आणि मला पुढ्यात बसवून ढवळायला लावलीस. मी ढवळत होतो तरी खीर खाली करपली. चार दिवसांत त्याचं बूड फुगलं, सपाट जागेवर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरायचा. मग तो कोंबड्यांच्या पाण्याला गेला. पुढं काठ फाटला, तरी कोंबड्या अजून त्यातच पितात. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

त्यावेळी तू म्हणालीस, "आता आणायचा तर मी बघून आणीन." आणि दोन वर्षं बघत राहिलीस.

लोकांना वाटेल टोप आणायला दोन वर्षं कशाला. पण तू अकरा वर्षं शाळेत खिचडी शिजवलीस, टोपाचं तुला जेवढं कळायचं तेवढं दुकानदाराला कळत नव्हतं. शहापूरला दाखल्याच्या कामाला गेलो की तू भांड्यांच्या दुकानात शिरायचीस. मला लाज वाटायची. घ्यायचं काही नाही आणि सगळं खाली काढायला लावायचं. आधी ठोकून बघायचीस. ठप असा आवाज आला तर पुढं, नाहीतर परत. मग एका कानाला धरून उचलायचीस, कान हलतो का बघायला. कान नुसता डाग देऊन चिकटवलेला असला तर नको, दोन दोन खिळे ठोकलेला पाहिजे. फडका धरून चार बोटं कानात गेली पाहिजेत. झाकण काठाच्या आत बसलं पाहिजे, म्हणजे वाफेचं पाणी बाहेर न गळता आत पडतं. मोडक्या रेडिओतला लोहचुंबक काढून कनवटीला घेऊन फिरत होतीस. बुडाला चिकटायला पाहिजे आणि अंगाला नको, हे तुला कोणी सांगितलं कोण जाणे. आणि शेवटी शेठकडं तांब्याभर पाणी मागायचीस. प्यायला नाही. टोपात ओतायला. पाणी मधोमध गोळा झालं किंवा कडेला पळालं की बूड वाकडं, टोप परत.

मुरबाडच्या शेठनं तुला विचारलं, "मावशी, टोप बघताय का नवरा?"

तू पाण्यावरची नजर न काढता म्हणालीस, "नवरा कुठं बघून दिला मला. म्हणून टोप तरी बघते."

सगळं दुकान हसलं. मीपण हसलो. ते बोलणं मला लागलं, हे तुला तेव्हा बोललो नाही.

आणि उंची. तू टोपात हात सरळ घालायचीस. तळाला पंजा टेकला की काठ कोपराला लागला पाहिजे. त्याहून उंच नको. म्हणायचीस, "तळाला लागलेलं घासायला मी आत उतरू काय?" त्या दिवशी मुरबाडला हात घातलास, पंजा टेकला, आणि कोपर बरोबर काठाला लागलं. तू तशीच उभी राहिलीस, हात टोपात घालून. मला वाटलं काही अडकलं. मग तू माझ्याकडं बघितलंस. तसं तू माझ्याकडं लग्नानंतर फार वेळा बघितलेलं नाही.

आता त्या नावाचं. हे लिहायला तीन वेळा बसलो आणि उठलो.

एका दिवाळीला तू भांडी घासून अंगणात उन्हाला मांडली होतीस. शाळेत खिचडी ढवळता ढवळता पहिलीच्या वर्गाबरोबर तू अक्षरं शिकली होतीस, ते मला त्या दिवशी कळलं. एकेक भांडं उचलून वाचत होतीस. "हा टोप, धर्मा गोविंद. ही परात, काळुराम धर्मा. हा तांब्या माज्या बापाचा, बाळू नामा, वैशाखरे. हे ताट पतपेढीचं. आणि हा डबा बघा. सुरेश आणि सुनीता यांच्या लग्नानिमित्त. हे कोण हायत, मला ठाऊक नाय, तुमाला ठाऊक हाय काय?"

"कुणाच्यातरी लग्नात मिळाला असंल."

"त्यांचं नाव हाय माज्या घरात. माजं नाय."

मी म्हटलं, "तुजं नाव कशाला पाहिजे, तू हायसच की." मला वाटलं फार चांगलं बोललो.

मुरबाडला जाताना एसटीत तू सांगितलंस. किन्हवलीला एकदा आणि पुढं परत एकदा. "ह्या टोपावर माजं नाव घालायचं." मी म्हटलं, "बघू." मी नाही म्हटलं नव्हतं, चांगुणा. माझ्या मनात घालायचंच होतं.

पण शेठनं टोप पुसून कोपऱ्यातल्या नाव घालणाऱ्या माणसाकडं दिला, आणि त्यानं मशीन हातात घेऊन माझ्याकडं बघून विचारलं, "बोला, काय नाव घालू?" आणि नेमके आपल्या गावचे पाचसहा बाप्ये तिथं उभे होते, लग्नाचं आंदण घ्यायला आलेले. सगळे बघायला लागले. बायकोचं नाव चार माणसांत घ्यायचं. आमच्या तोंडाला ते वळण नाही. माझ्या बापानं आईचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. जीभ उचललीच नाही. म्हणालो, "काळुराम धर्मा."

मशीन घुर्र करून वाजलं. तू शेजारी उभी होतीस. तुझं नाव तू सांगू शकली असतीस, पण मी सांगितल्यावर तू चार माणसांत मला खोटं पाडणार नव्हतीस. तेवढी माझी अब्रू तू राखलीस. मी तुझी नाही राखली.

येताना टोप तुझ्या मांडीवर होता. नाव होतं त्या बाजूवर तू पदर घेतला होतास. खिडकीतून बाहेर बघत होतीस. घरी आल्यावर एवढंच म्हणालीस, "टोप चांगला हाय," आणि पिशवी न काढता माळ्यावर टाकायला लावलास.

"वापर की गो."

"कार्याला काढू."

आपल्याकडं कसलं कार्य होतं? तू जर्मलच्याच टोपात शिजवत राहिलीस. मला राग आला. चूक माझी होती म्हणून जास्त राग आला. एक दिवस तू शेतावर गेली होतीस, भंगारवाला टेम्पो घेऊन आळीत आला, मी जर्मलचा टोप त्याच्या टेम्पोत टाकला. म्हटलं, आता कुठं जाईल, नवा काढावाच लागंल.

तू आलीस. चुलीशी बघितलंस, मोरीत बघितलंस. "टोप कुठं?"

"दिला भंगारात. आता नवा काढ."

तू दोन लहान टोप घेतलेस, कालवण दोन्हीत अर्धं अर्धं केलंस. सात महिने तसं चाललं. एकातला रस्सा तिखट व्हायचा आणि दुसऱ्यातला मिळमिळीत. रघू आला की तू त्याला दोन्हीतला थोडा थोडा वाढायचीस. तो म्हणायचा, "आय, मोठ्या टोपात कर ना एकदम." तू म्हणायचीस, "मोठा टोप तुज्या बापाचा हाय. त्यांना विचार." मी पुढ्यातलं खायचो आणि उठायचो.

तर असं झालं. जुना टोप घरात असता तर तुझं पाणी त्यात तापलं असतं आणि नवा राहिला असता. तो मी हातानं घालवला.

आणि अजून एक आहे. हे रघूला सांगितलं नाही, कोणालाच नाही. तू गेलीस त्याच्या आधीच्या मंगळवारी तू चुलीशी कांदा चिरत होतीस. थंडी होती. वर न बघता म्हणालीस, "अवो, तो टोप काढून द्या माळ्यावरचा. रघू येतोय रविवारी, अळणी करते मटणाची."

मला बरं वाटलं. खरं सांगतो. तेव्हा नुसतं उठून माळ्यावर चढायचं होतं. पण सात महिन्यांचं तोंडात साठलेलं होतं, ते बाहेर आलं. म्हणालो, "आता बरा आठवला. नाव माजंच हाय हां त्याच्यावर. चालंल ना?"

तू कांदा चिरायची थांबलीस. म्हणालीस, "ऱ्हावं दे."

बस. तू परत मागशील म्हणून मी थांबलो. मी काढून आणीन म्हणून तू थांबली असशील. रविवारी रघू आला, तू दोन लहान टोपांत अळणी केलीस. मंगळवारी तू गेलीस.

अळणीवरून आठवलं. ट्रॉलीवरून पडून माझा पाय मोडला होता, तेव्हा तू महिनाभर रोज नळीची अळणी, बिनमसाल्याचा रस्सा, पाजलीस. दोन दोन तास मंद शिजवायचीस, वरचा फेस काढत राहायचीस, गाळून वाटीत आणायचीस, वर मिरीची पूड. डॉक्टर म्हणाला हाड चांगलं जुळलं. मी त्यालाच हात जोडले. तुला एकदा विचारलं नाही, तू काय प्यायलीस. गाळून उरलेलं तू भाकरीशी खायचीस, ते मी बघितलं होतं. बघून विचारलं नाही.

तुझं तेरावं झालं. रघूनं वाटायला डबे आणले होते. पोरगा वाईट नाही, त्याला जमलं तसं केलं त्यानं. मी एक डबा घेऊन बोटाच्या हाडानं ठोकला. टण्ण. तू देवळात द्यायला सांगितले असतेस सगळे. वर नाव घातलेलं होतं. कै. सौ. चांगुणाबाई काळुराम यांच्या स्मरणार्थ.

आलं बघ तुझं नाव. पुढं मरण, मागं मी, आणि मधे तू. आता खर्डीपासून वैशाखऱ्यापर्यंत पाहुण्यांच्या घरात तुझं नाव आहे, कुठं मीठ भरलेलं, कुठं साखर. लोक डबा घेताना वाचत होते आणि मला म्हणत होते, "सवाष्ण गेली, पुण्यवान बाई." मी मान हलवत राहिलो. मला ओरडून सांगायचं होतं, तिला हे पाहिजे होतं, पण असं नाही. ती ऐकायला असताना पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नदीवर गेलो. म्हटलं, रीत गेली खड्ड्यात, टोप घरी आणायचा. दोन वर्षं बघून घेतलेला टोप तिथं कुत्र्यांनी चाटायला नाही. स्मशानाच्या शेडच्या कोपऱ्यात आडवा पडला होता. बूड काळं, आत पानं आणि पावपेला पाणी. मी खाली पाण्याशी नेला आणि वाळूनं घासायला बसलो. मी भांडं घासायला बसलेला तू कधी बघितला नाहीस. गुडघे बोलायला लागले, तरी घासला. आतून लख्ख झाला. बुडाचं काळं बरंच निघालं. कुठं वाकला नव्हता, कुठं डाग पडला नव्हता. तुझी निवड.

वैशाली शोधत आली. रघू कामावर गेला होता, ती माझ्यासाठी मागं राहिली आहे. "आबा, जेवायला चला. किती हाका मारल्या."

"हा घेऊन येतो."

ती शेजारी दगडावर बसली. म्हणाली, "आणा. मला चालतो. मी शिजवीन त्याच्यात. यांना मी समजावते, भावकीला तुमी बघा."

मला त्या पोरीचं नवल वाटलं. तू तिला पहिल्या वर्षी फार बोललीस, ते तिनं कुठं ठेवलं नाही. मी टोप उचलला, ऊन पडलं होतं, आणि काठाखालचं नाव डोळ्यापुढं आलं. घासून आणखीच चकचकलं होतं. काळुराम धर्मा.

मग माझ्या लक्षात आलं. हा टोप तुझा नव्हताच. निवडलास तू, पण मी तो दुकानात, चार माणसांत, माझा करून टाकला. तू तो शेवटपर्यंत चुलीवर चढवला नाहीस. एकदा मागितलास, तर मी नावाचा टोमणा मारला. आता तो घरी नेऊन मी काय करणार होतो? माझंच नाव घासून घरी नेणार होतो.

"ऱ्हावं दे," मी म्हटलं. तुझाच शब्द तोंडात आला. टोप परत शेडमध्ये नेला.

वैशालीला काही कळलं नाही. बिचारी म्हणाली, "बरं."

गुरुवारी एकटाच मुरबाडला गेलो. तुझा लोहचुंबक खिशात घातला होता. तोच शेठ. त्यानं माझ्यामागं दाराकडं बघितलं. "मावशी नाय आल्या?"

"गेली."

तो उठून उभा राहिला. पोऱ्याला न सांगता स्वतःच टोप खाली काढायला लागला. मी ठोकून बघितले. आधी मला सगळे सारखेच वाजले. मग कान लावून बसलो, तेव्हा ठप आणि टण्ण कळायला लागलं. कान हलवले. झाकण बसवलं. पाणी मागितलं, टोपात ओतलं. पाणी शांत पसरून राहिलं. तू ज्या पाण्याकडं बघायचीस ते मी पहिल्यांदा नीट बघितलं.

मग उंचीला अडलो. हात घातला तर माझं कोपर कुठच्या कुठं वर. माझा हात लांब. तुझा केवढा होता? सेहेचाळीस वर्षं शेजारी जेवलो, निजलो, आवणी केली, कापणी केली, आणि तुझं कोपर माझ्या हातावर कुठं येतं ते मला सांगता येईना. मी तसाच उभा राहिलो, हात टोपात घालून. लोकांना वाटलं असंल म्हातारा अडकला.

शेठ पुढं आला. "काका, हा नाय. हा घ्या." त्यानं एक नंबर लहान टोप पुढं केला. "मावशीचं कोपर ह्याच्या काठाला लागलं होतं. माझ्या ध्यानात हाय. असं गिऱ्हाईक परत आलं नाय."

परक्या माणसाच्या ध्यानात होतं, गो.

"घरात किती माणसं?" त्यानं विचारलं. सवयीनं विचारलं असंल.

"मी एक," मी म्हटलं. "तरी हाच द्या."

टोप कोपऱ्यातल्या माणसाकडं गेला. दुकानात गर्दी होती, लग्नसराई आहे. बाया होत्या, बाप्ये होते, आपल्या बाजूचे दोघं ओळखीचेपण होते. मशीनवाल्यानं विचारलं, "बोला काका, काय नाव घालू?"

मला लाज वाटत होती. ह्या वयात. मी म्हटलं, "चांगुणा."

आवाज बारीक आला. परत म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं, "चांगुणा घाल."

शेठला कळलं, तो हळूच बोलला, "पुढं कै. सौ. लावायचं ना?"

"नाय."

"खाली स्मरणार्थ?"

"नाय. ते भांडी वाटायला लावतात. हा तिच्या वापराचा हाय."

"मागं तुमचं नाव?"

"माजं लय झालं."

मशीन वाजलं. तीन अक्षरं, लगेच झाली. कोणी हसलं नाही. हसतील म्हणून मी त्या वेळी घाबरलो होतो ना, चांगुणा, तर ऐक, कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. एक बाई तेवढी झाकण शोधत होती.

काल रविवार. रघू आला. वैशालीनं बुडाचा कागद कोमट पाण्यात भिजवून आधी काढला, तेलाचं बोट फिरवून चिकटपणा काढला. मग त्यात अळणी टाकली. मी चुलीशी बसून फेस काढत राहिलो. रघूनं टोपावरचं नाव वाचलं आणि बाहेर ओटीवर जाऊन उभा राहिला. बराच वेळ आत आला नाही.

खाली काही लागलं नाही. पहिली वाटी तुझ्या नावानं चुलीच्या कडेला ठेवली, दुसरी मी घेतली. मला चव लागली. मिठाची लागली, मिरीची लागली, नळीची लागली. म्हणजे इतकी वर्षंपण लागत असली पाहिजे. मी बोलत नव्हतो, एवढंच. तू केलेलं चांगलं व्हायचं. हे मी तुला एकदाही म्हटलं नाही, आता टोपाला सांगत बसलोय.

आज एकवीस दिवस झाले. तुझा टोप चुलीशेजारी आहे, माळ्यावर नाही. तो मला एकट्याला मोठा होतो. त्याच्या तळाशी मूठभर भात शिजतो आणि बाकी सगळा मोकळा. वैशाली म्हणते लहान वापरा. मी वापरत नाही.

माझा टोप नदीवर आहे. शेडच्या कोपऱ्यात पालथा घालून ठेवलाय, पाणी साचू नये म्हणून. काल रघू निघताना त्याला सांगून ठेवलं, "माज्या वेळेला घरात भांडं शोधत बसू नको. तिथला घे. नाव घातलेलं हाय त्याच्यावर."